निथळू दे

खैरानी रोडच्या मागच्या गल्लीत, गाळा नंबर अकरा ब.
पायरी नाही, फळी आहे. फळीखालून
जे वाहतं त्याला केणी पाणी म्हणतात.
मी तक्त्यात सांडपाणी लिहिते.
रंग : पोपटी, कच्च्या कैरीच्या सालीसारखा.
(खोडावं लागलं. रकान्यात फक्त
फिकट, मध्यम, गडद एवढंच मावतं.)

आत सात टाक्या. बकलं येतात काळपट,
पर्सची, चपलांची, कुत्र्यांच्या पट्ट्यांचीसुद्धा,
आणि जातात लग्नाला निघाल्यासारखी.
मुस्तकीम रॅक बुडवतो, काढतो, बुडवतो.
निकेलमधून वर आलेली रॅक
थेंब गाळत जाते धुण्याच्या टाकीकडे
आणि ते थेंब, मी केणींना सांगते,
तुमचे पैसे आहेत.

किती, म्हणाले केणी. लगेच.

रॅक टाकीवरच धरायची. बारा सेकंद.
निथळू द्यायची.
जेवढं टाकीत परत पडेल
तेवढं गटारात जाणार नाही, पुढे मिठीत जाणार नाही,
आणि क्षाराची गोणी...
कॅल्क्युलेटर त्यांच्याच हाताशी होता.
"बस? मशीन नाही घ्यायचं?"
मशीन नाही घ्यायचं.
जरा हिरमुसलेच. अनुदानाचं कुठूनतरी ऐकून होते.

मुस्तकीम ऐकत होता. हात चालू.
मराठी तो ह्याच गाळ्यात शिकलाय, पाढ्यांसकट.
"मॅडम, हे बारा सेकंद कुणाचे?"

मला प्रश्न कळला नाही.

"मला रॅकमागे पैसे. दिवसाला तीनशे रॅक.
बारा त्रिक छत्तीस, वर दोन शून्यं.
एक तास झाला.
शेठचं निकेल टाकीत परत पडलं.
माझा तास कुठल्या टाकीत पडला?"

आक्षेप कसे हाताळावेत
हे आम्हाला वाशीला तीन दिवस शिकवलं होतं.
जेवण चांगलं होतं.
हा आक्षेप त्यात नव्हता.

मी पाणी प्यायले, बाटलीतलं, माझं.
येते म्हणाले.

पुढच्या शनिवारी गेले तर
निकेलच्या टाकीवर आडवी एक नळी,
भंगारातली, आत बांबू खुपसलेला,
तारेने छताला बांधलेली. तीन आकडे.
एक रॅक काढायची, अडकवायची,
दुसरी बुडवायची. चौथीची पाळी येईतो
पहिली निथळून मोकळी.
तास जागच्या जागी.

"खोलीवर आम्ही सहा जण," मुस्तकीम म्हणाला,
"पाणी येतं चाळीस मिनिटं.
कपडे पिळत कोण बसणार?
टाकतो तसेच दोरीवर. खाली बादली.
त्याच पाण्याने मग लादी."
एवढं बोलून तो आकड्याकडे वळला,
कारण तिसरी भरली होती.

केणींनी शेजारच्या गाळेवाल्याला बोलावून दाखवलं.
"आपण केलंय," म्हणाले.
गोणी आता महिना ओलांडते.
रॅकमागचा दर तोच आहे, मी विचारला.
केणी म्हणाले, चहा घ्या.

अहवालात लिहिलं :
उपाय, निथळ-दांडी. खर्च, शून्य.
कल्पना कुणाची असा रकाना नसतो
म्हणून शेऱ्यात लिहिलं, मुस्तकीम इद्रिसी, कामगार.
ऑफिसातून फोन आला,
शेरा खाजगी नावांशिवाय द्या.
मी तो तसाच पाठवला. बघू.

हातांनाही रकाना नाही.
त्याच्या मनगटापर्यंत लाल पुरळ,
बोटांच्या बेचक्यांत चिरा.
"निकेलची खाज आहे. गावी गेलो की जाते.
परत आलो की ती आधी पोचलेली असते."
हातमोजे आणते, म्हटलं, माप दे.
त्याने हात पुढे केला, मग थांबला,
तो टाकीवर नेला
आणि बोटं खाली करून उभा राहिला.
एकेक थेंब पडत होता.
ओठ हलत होते. मोजत असावा.